माझ्या छागलीतलं पाणी

फोन आला तेव्हा मी नागपूरच्या एका व्यापाऱ्याशी स्टीलच्या पिंपांचा भाव करत होतो. तो दोनदा उठून चपला घालून पुन्हा बसला होता, मी एकदा त्याचा चहा परत पाठवायला सांगितला होता, म्हणजे सौदा ऐन रंगात होता. फोनवर माझा मेव्हणा विलास होता, हिंगणीहून. "भाऊजी, आई गेली... सकाळी चहा घेतला, म्हने जरा पडतो, अन् पडली ते उठलीच नाई." मी फोन ठेवला. व्यापारी म्हणाला, "तर सेठ, काय ठरलं?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल ते." तो घाबरला. वीस वर्षांच्या व्यवहारात माझ्या तोंडून हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं. "तब्येत बरी आहे ना?" त्यानं विचारलं. मी शटर खाली ओढलं आणि निर्मलाला, माझ्या बायकोला, सांगायला घरी गेलो.

सासूवर जावयानं लेख लिहावा, अशी आपल्याकडे रीत नाही. त्यातून माझं आणि मामींचं (मी सासूबाईंना मामी म्हणायचो) काही गूळपीठ नव्हतं. उलट मला त्यांच्यावर राग होता, आणि तो मी इतकी वर्षं नीट सांभाळून ठेवला होता. दीड-दोन महिने झाले त्यांना जाऊन. राग अजून पुरता गेलेला नाही. पण ज्या माणसावर रागवायचं ते माणूसच समोर नसलं की रागाला बसायला जागा राहत नाही... म्हणून लिहितो आहे.

माझी सुरुवात सायकलवरची. कॅरिअरला ॲल्युमिनियमची भांडी बांधून मी वर्ध्याजवळच्या सेलूच्या आसपासचे आठवडी बाजार करायचो. हिंगणीचा बाजारही त्यातलाच. पुढे सेलूला एक लहानसा गाळा घेतला, भांड्यांचं दुकान टाकलं, आणि मग लोक मुलगी द्यायला लागले. निर्मलाशी माझं लग्न झालं ते या दुकानाच्या जोरावर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला गेलो. ऊन होतं, बोर धरणाच्या बाजूचा तो रस्ता तेव्हा सगळा खडीचा, आणि मी माझ्या जुन्या सायकलवर. पोचलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. छपरीत पाहुण्यांची बैठक जमली होती. सगळ्यांना राम राम करून मी सरळ आत पाण्याच्या जागेशी गेलो, माठावरची ताटली बाजूला केली आणि पेला आत बुडवला. तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी धरलं. घट्ट. "जवाईबापू, हात नोका घालू माठात!" मामी होत्या. पेला त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला, आणि मग सगळ्यांच्या देखत तो भरलेला माठ उचलून अंगणात नेला आणि तुळशीच्या मागं पालथा केला.

छपरीतून निर्मलाचे मामा ओरडले, "नवा जवाई बोहनीलेच अडकला रे!" सगळे हसले. मी नाही हसलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली... सायकलवर भांडी विकणाऱ्या माणसाचा हात लागला म्हणून या बाईनं पाणी ओतून दिलं. मामी परत येऊन मला तांब्याभर पाणी देत होत्या, पण मी घेतलं नाही. जेवलोही नाही. निर्मलाला तिथंच ठेवून सायकल काढली आणि सेलूला परत आलो. वाटेत ठरवलं, या घरचं पाणी आयुष्यात प्यायचं नाही.

मामींचं ते पाणी म्हणजे एक स्वतंत्र खातंच होतं. सागाची तिवई, तिच्यावर माठ, माठावर ताटली, ताटलीवर वजन म्हणून एक पितळी वाटी, आणि बाजूच्या खुंटीला लांब दांड्याचं पितळी ओगराळं, उलटं टांगलेलं. पाणी घ्यायचं ते फक्त त्या ओगराळ्यानं, दांडा हातात, वाटी माठात, बोट पाण्याला लागायचं नाही. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, पावसाळ्यात तुरटी फिरवून निवळायचं आणि मग उकळून भरायचं. सरपंच आला तरी त्याला ओगराळ्यानंच. हे सगळं मला निर्मलानं नंतर समजावून सांगितलं. मी म्हटलं, "सरपंचाचं पानी ओतून देल्लं का कधी?" ती म्हणाली, "त्यानं हात घातला नाई न कधी." या उत्तरानं माझं समाधान झालं नाही.

मी बाजारातून एक छागल आणली. आजच्या मुलांना छागल ठाऊक नसेल... जाड किंतानाची पिशवी, तोंड अरुंद, त्याला लाकडी बूच. पाणी भरलं की कापड झिरपतं, वारा लागतो आणि पाणी गार होतं. मी सेलूहून छागल भरून न्यायचो आणि मामींच्या छपरीत, अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर, खिळ्याला अडकवायचो. त्यांनी वाढलेलं जेवायचो, पाणी मात्र माझं. दुपारी छपरीत झोप काढायचो, उठून छागल तोंडाला लावायचो आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचो, "वा! सेलूच्या पान्याची गोष्टच अलग! हिंगणीच्या पान्याले हे चव नाई!" आतून मामींचा आवाज यायचा, "असन बाप्पा." बस, एवढंच. भांडायला समोरचा माणूस भांडणारा लागतो. मामींनी मला ते सुख कधी दिलं नाही.

मग तो पावसाळा आला. आमची पिंकी तीन वर्षांची होती आणि निर्मलाचं दुसरं बाळंतपण नुकतंच झालं होतं, म्हणून मामी आमच्याकडे सेलूला येऊन राहिल्या होत्या. येताना जुन्या लुगड्यात गुंडाळून आपलं ओगराळं घेऊन आल्या. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी! मला तो टोमणाच वाटला. पाऊस थांबेना. नाल्यांना पूर आला, वर्ध्याकडचा रस्ता बंद झाला, वीज गेली. मामींनी सकाळीच मला बोलावलं.

"जवाईबापू, नळ बंद होन्याच्या आधी पानी भरून ठेवा लागते. दुकानातून आठ गुंड आना. नवे." (गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर.)

"मामी, एकदा पानी भरलं का गुंड जुना झाला. गिराईक डाग पाहाते."

"डाग नाई पडू देत. चिंचेनं घासून देतो."

"दोन देतो."

"आठ."

"तीन. अन् तेही घरचे म्हनून."

"मंग राहू द्या. लेकराले पुराचं पानी पाजू."

शेवटी चार गुंड आणि एक मोठा गंज, म्हणजे पातेलं, यावर मिटलं. नंतर कळलं की त्यांना हवे होते चारच. मी सेलूच्या बाजारात भल्याभल्यांना रडवलं आहे, पण आठ मागून चार घेणारी ही बाई माझ्याच घरात बसली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्या मागच्या पडवीत पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भारा कोरडा राहिला होता. त्यावर मामींनी दिवसभर पाणी उकळलं. गुंड आधी राखेनं घासले, मग उकळत्या पाण्यानं विसळले. उकळलेलं पाणी झाकूनच गार केलं, गुंडांत भरलं, वर ताटल्या आणि ताटल्यांवर फडकी बांधली. ओगराळं खुंटीला. घरात सगळ्यांना ताकीद दिली. संध्याकाळपर्यंत नळ गेलाच. आमच्या गल्लीत फक्त आमच्या घरी पिण्याचं पाणी होतं, आणि ते माझ्या दुकानातल्या गुंडांत होतं, याचा मला थोडा अभिमानही वाटला. तरी मामींच्या हातचं पाणी प्यायचं नाही हा माझा नेम होता, म्हणून मी माझ्या छागलीतलं उरलंसुरलं पुरवून पीत होतो.

माझी माय आमच्याजवळच राहायची. तिची एक सवय होती, जी आपल्या बहुतेक घरांत आहे. रात्रीचं पाणी शिळं. पहाटे उठून ती सगळी भांडी ओतायची, घासायची आणि ताजं पाणी भरायची. ताजं ते चांगलं, शिळं ते वाईट, हे तिच्या हाडात होतं. दोन दिवसांनी सकाळी नळाला एकदम पाणी आलं. मायला वाटलं देव पावला. मामी आत बाळाला न्हाऊ घालत होत्या. मायनं फडकी सोडली, चारही गुंडांतलं पाणी मोरीत ओतलं, गुंड लख्ख घासले आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. मी तिथंच होतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नळाचं पाणी जरासं गढूळ होतं, पण ताजं होतं. पाइपलाइन नाल्यात कुठंतरी फुटली होती आणि तिच्यात पूर शिरत होता, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळलं. पिंकी त्या सकाळी ते पाणी पेलाभर प्याली.

रात्रीपासून तिला जुलाब आणि उलट्या लागल्या. सकाळी तिचे डोळे खोल गेले होते. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. रस्ता बंद. मी गावातल्या डॉक्टरांकडे पळालो, ते पुरात अडकून वर्ध्यालाच राहिले होते. परत आलो तेव्हा मामी पाण्याच्या जागेशी उभ्या होत्या. त्यांनी एका गुंडावरची ताटली काढली, ओगराळं बुडवलं, पाणी उजेडात धरलं. मग दुसरा गुंड. तिसरा. चौथा. त्यांच्या लक्षात आलं.

मायलाही कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्या ओतलं... शिळं म्हनून ओतलं वं... चांगल्यासाठीच केलं न मी..."

मला वाटलं आता मामी बोलणार. त्यांच्या जागी मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. मामी मायजवळ खाली बसल्या. "ईनबाई, रडू नोका. शिळं पानी तं माह्या घरीही फेकतेत. पन उकळून झाकलेलं पानी शिळं नाई होत. आतमंदी हात गेला तं होते." एवढंच बोलून त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "जवाईबापू, तुमची छागल आना."

"ते तं परवा संध्याकाळीच संपली," मी म्हटलं.

"भरेल हाये. आना."

मी खिळ्यावरून छागल काढली. ती जड होती. मला भयंकर राग आला. लेकरू तसं पडलेलं असतानाही आला, काय सांगू... "माह्या छागलीले कोनं हात लावला?"

"म्या लावला," मामी म्हणाल्या. "परवा रात्री उकळत्या पान्यानं धुतली अन् गार झालेलं पानी भरलं. तुम्ही माह्या गुंडातलं पीत नाई, मंग तहानले राहान का? आता बोलू नोका. गंजाखाली जाळ करा, नवीन पानी ठेवा."

छागलीतलं पाणी त्यांनी तांब्यात ओतलं, साखर घातली, चिमटीनं मीठ घातलं आणि आपल्या जिभेवर थेंब ठेवून पाहिला. "डोळ्याच्या पान्याहून खारट नाई झालं पाह्यजे," त्या म्हणाल्या. हिंगणीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं त्यांना ते शिकवलं होतं. पिंकीला मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाजायला लागल्या. ओकली की थोडं थांबायच्या, पुन्हा एक चमचा. "पे माय... पे मैना... एक चमचा मामाचा... एक चमचा तुह्या खवीस बापाचा..." मी चुलीशी होतो. पऱ्हाट्या संपल्या होत्या. मी दुकानातून काचसामानाचे लाकडी खोके आणले आणि फोडून चुलीत घातले. खळखळून उकळी आली की गंज उतरवायचा, झाकायचा, पुन्हा दुसरा. पाणी गार होईपर्यंत घरात माझ्या लेकीसाठी चांगलं पाणी होतं ते फक्त माझ्या छागलीतलं... म्हणजे मी रागानं विकत घेतलेल्या पिशवीतलं आणि मामींनी भरलेलं.

दुपार कलताना पिंकी रडली, आणि तिच्या गालावर पाणी दिसलं. मामी निर्मलाला हाक मारून म्हणाल्या, "पाह्य, लेकीच्या डोळ्यात पानी आलं." मग पदर तोंडाला लावून त्या मागच्या पडवीत गेल्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं, तेही पाठीकडून. पुढं पूर उतरल्यावर पिंकीला ट्रॅक्टरवरून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. तोवर ती बिस्किट मागायला लागली होती.

कोणाला वाटेल, त्यानंतर माझा राग गेला असेल. तसं नाही. ती गोष्ट वेगळी आणि चारचौघांत मनगट धरलं ती गोष्ट वेगळी. मी हिंगणीला छागल घेऊन जातच राहिलो, फक्त सेलूच्या पाण्याची जाहिरात करायचं थोडं कमी केलं. एकदा मी त्यांच्यासाठी तोटीचं स्टीलचं पिंप घेऊन गेलो. हात घालायचा प्रश्नच नाही, तोटी फिरवा आणि घ्या. मामींनी ते सगळीकडून पाहिलं, तोटीत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "हे आतून घासाव कशानं?" पिंप परत आलं. मी पुन्हा महिनाभर चिडलेला. पण तेव्हापासून दुकानात तोटीचं पिंप घेणाऱ्याला मी सोबत तारेचा लहान ब्रश देतो आणि तोटी उघडून कशी धुवायची ते दाखवतो. गिऱ्हाइकं म्हणतात, सेठ फार बोलतो.

तेरवीला आम्ही सगळे हिंगणीला गेलो. सवयीनं मी गाडीला छागल अडकवली होती, गेल्यावर सवयीनं छपरीतल्या खिळ्याला टांगली. मांडवात पाण्याचं मोठं प्लास्टिकचं पिंप ठेवलं होतं, झाकण कुठल्या कुठं, आणि जो तो येऊन पेला बुडवून घेत होता. कोणाचा हात मनगटापर्यंत आत. मी जेवायला बसलो होतो, पण नजर त्या पिंपावरच. निर्मलाचे तेच मामा, आता पार म्हातारे झालेले, काठी टेकत आले आणि त्यांनी पेला पाण्यात घातला. मी पंगतीतून उठलो, जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि ओरडलो, "हात नोका घालू पान्यात!" आणि ते पिंप दोन्ही हातांनी आडवं केलं. मांडवभर पाणी. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "जवाईबापू," ते म्हणाले, "झाली का बोहनी?"

विलासची बायको शोभा आतून धावत आली. आधी ती हसली, मग तिला रडूच आवरेना. "भाऊजी, आत्याबाई असत्या तं..." जरा सावरल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक सांगू का? रागवू नोका. आत्याबाई सांगू नोको म्हनत. तुम्ही जेवून झोपले का त्या तुमची छागल काढत. सेलूचं पानी तुळशीले टाकत, छागल धुवत अन् माठातलं पानी भरून जशीच्या तशी खिळ्याले लावत. मी लग्न होऊन आलो तवापासून पाहून राह्यलो. मले म्हनत, उन्हात हिंडलेलं पानी हाये ते, जवायाच्या पोटात काऊन जाऊ द्याव?"

डोळ्यांसमोर सगळ्या दुपारी येत होत्या... मी छपरीत उठून बसतो, छागल तोंडाला लावतो, सेलूच्या पाण्याची तारीफ करतो, आणि आतून आवाज येतो, "असन बाप्पा." इतकी वर्षं मी त्यांचंच पाणी पीत होतो, आणि त्यांनाच ऐकवत होतो. हा सौदा झाला म्हणावा की काय म्हणावं? सौद्यात दोघांना ठाऊक असावं लागतं की सौदा चालू आहे. त्यांनी एकदा सांगायला हवं होतं. मी भांडलो असतो, नक्की भांडलो असतो, पण मग त्यांच्या हातून पेला घेऊन प्यालोही असतो. ती संधी त्यांनी मला दिली नाही. माझा आता हा नवा राग आहे.

उन्हं उतरली तसे आम्ही निघालो. निर्मला आणि मुलं भावाचा निरोप घेत होती. मी छपरीतल्या खिळ्यावरची छागल काढली. सकाळी येताना वाटेत मी ती जवळजवळ रिकामी केली होती. आता ती भरलेली होती. बाहेरचं कापड ओलं, बूच घट्ट लावलेलं, हाताला ओढ बसण्याइतकी जड. मी आत वळून पाहिलं. पाण्याच्या जागेशी कोणी नव्हतं. तिवईवर माठ, माठावर ताटली, ताटलीवर पितळी वाटी. खुंटीवर ओगराळं नुकतंच टांगल्यासारखं हलत होतं, आणि त्याच्या वाटीतून एक थेंब खाली पडला.